लग्नाचा बँड : रचना, प्रवास व इतर आपत्ती

लग्नाचा बँड हा खरे वादक, खोटे वादक, मास्टर आणि टेम्पो या चार घटकांचा बनलेला असतो. यांपैकी टेम्पो सर्वांत बेभरवशाचा. डगले लाल, झालर सोनेरी. मापे एकदाच घेतलेली असतात, माणसे मात्र बदलत राहतात. त्यामुळे कोणत्याही बँडमध्ये निदान दोघांच्या बाह्या कोपरापाशी संपतात आणि एकाची बोटे बाहीतून बाहेरच येत नाहीत. क्लॅरनेट, ट्रम्पेट, युफोनियम ही वाद्ये ब्रिटिश पलटणींबरोबर हिंदुस्थानात आली. पुढे संस्थानिकांनी पदरी बँड ठेवले. पलटणी गेल्या, संस्थाने विलीन झाली, आणि वाद्ये वरातीत शिरली. आज ती मुख्यतः मेरठच्या जली कोठी भागात बनतात. पोचे तेवढे स्थानिक.

बँडला कोणताही संगीतप्रकार वर्ज्य नसतो, कारण सुपारी कोणत्याही प्रकारची येते. सकाळी देवदर्शनाला अभंग, जेवणाच्या वेळी म्हाताऱ्यांसाठी नाट्यगीत, वरातीत हिंदी, जयंतीला भीमगीते, उरुसाला कव्वाली, आणि वय झालेल्या माणसाच्या अंत्ययात्रेला भजन. यासाठी वेगळी तालीम नसते. कागदावर लिहिलेले संगीत क्वचितच कुणाकडे असते. चाल कानाने उचलायची आणि बोटांत ठेवायची. आठ मात्रांचा केहेरवा हे या धंद्याचे मुख्य भांडवल आहे. तो पळवला की नवरदेवाचे मित्र रस्त्यावर लोळतात, संथ केला की तीच माणसे डोक्यावरची टोपी काढतात. अनुभवी मास्टर एकाच गाण्यावर दोन्ही कार्ये उरकतो.

वरातीत सर्वाधिक मागणी ‘नागिन’ (1954) या चित्रपटातल्या बिनेच्या धुनेला असते. संगीतकार हेमंत कुमार. मूळ ध्वनिमुद्रणात बीन नव्हतीच: कल्याणजींनी क्लॅव्हियोलिन नावाचे विजेवरचे वाद्य वाजवले होते आणि रवी यांनी हार्मोनियम. म्हणजे जी बीन मुळात बीन नव्हती, ती गावोगाव क्लॅरनेटवर वाजते आणि तोंडात रुमाल धरून माणसे तिच्यापुढे सरपटतात. सापाला बाहेरचे कान नसल्याने तो या प्रकारापासून सुरक्षित आहे.

आता खोट्या वादकांविषयी. धंद्यात यांना डमी म्हणतात. गिऱ्हाईक वाजवण्याचे पैसे देत असले तरी डोकी मोजून घेते. वीस माणसांची सुपारी असेल आणि वाजवणारे बारा असतील, तर आठ डगले भरावे लागतात. डगला अंगावर बसणे ही डमीची एकमेव पात्रता. त्याच्या हाती सहसा मोठे वाद्य देतात. मोठे वाद्य दुरून दिसते आणि गप्प राहिले तरी शेजारच्या आवाजात खपून जाते. प्रस्तुत नोंदीचा लेखक काही काळ या पदावर होता. त्याच्याकडे पिस्टन गंजलेले एक युफोनियम होते, आणि गाल फुगवण्याच्या बाबतीत त्याचे नाव घेतले जाई.

दाट तिथीला मास्टर दोन सुपाऱ्या घेतो. बँडच्या प्रवासातील बहुतेक आपत्तींचे मूळ येथे आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील एका बँडची 31 मेची हकिकत त्यासाठी पुरेशी आहे.

31 मे ही तारीख महाराष्ट्रात लग्नांइतकीच निवृत्तीची. पूर्वी शाळेत नाव घालताना गुरुजी सरसकट 1 जून ही जन्मतारीख टाकत, आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला नोकर आदल्या दिवशी निवृत्त होतो. साहजिकच एक मोठी सुपारी देवरुखच्या बाजूच्या लग्नाची आणि एक लहान, मलकापूरजवळच्या एका मुख्याध्यापकांच्या निरोपाची, अशी विभागणी झाली. टेम्पो दोन. लग्नाच्या टेम्पोत ढोल, झांजा आणि मास्टर. शाळेच्या टेम्पोला मात्र नवी ताडपत्री.

मलकापुरात चहासाठी थांबले असता वळवाचा पाऊस आला. खरे वादक हे मानाने आणि चपळाईने पहिले. ते सगळे वाद्ये छातीशी धरून नव्या ताडपत्रीखाली गेले. डमींच्या वाट्याला प्रघाताप्रमाणे गळका टेम्पो आला. साइड ड्रमवाला मात्र ढोलांच्या मधे झोपला होता, तो तसाच राहिला. मास्टर पुढे केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी हिशेबाची वही घेऊन बसलेला, त्यामुळे मागे काय भरले आहे हे त्याला दिसण्याचा प्रश्न नव्हता. दोन्ही टेम्पो ठरल्या रस्त्याने निघाले.

आंबा घाट सुंदर आहे. गळक्या टेम्पोतून तो फक्त मागच्या बाजूने दिसतो.

घाट उतरल्यावर साखरप्याला मास्टर खाली आला, मागे डोकावला आणि त्याने माणसे मोजली. संख्या बरोबर आली. मग चेहरे मोजले. यानंतर त्याने जे म्हटले ते कोणत्याही संगीतप्रकारात बसत नाही. फोन लावला गेला. पलीकडे घंटी जात होती, उचलत कुणी नव्हते, कारण तिकडे सगळे वाजवत होते. तीन गाण्यांचे पैसे भरलेल्या त्या मुख्याध्यापकांना त्या दिवशी बँडचे सारे उत्तम वादक मिळाले. ढोल नव्हते, म्हणून शिपायाने शाळेची घंटा धरली. कवायतीखेरीज हातपाय न हलवलेले गुरुजी ‘नागिन’वर नाचले आणि निरोपाची भाषणे संध्याकाळपर्यंत सुरूच झाली नाहीत, असे नंतर कळले.

इकडे मांडवाबाहेर लाल डगल्यांची रांग उभी राहिली. साइड ड्रमवाल्याने, डोळे पुरते उघडण्यापूर्वीच, ठेका धरला. बाकीच्यांनी गाल फुगवले. नवरदेवाचे मित्र नाचायला पुढे सरले, थांबले, कान देऊन उभे राहिले. एका लहान मुलाने प्रस्तुत लेखकाच्या युफोनियमच्या कर्ण्यात हात घातला आणि विचारले, “काका, ह्ये बंद हाय काय?” नवऱ्याच्या मामांनी तोच प्रश्न मास्टरला मोठ्या माणसाच्या आवाजात केला: “काय ओ मास्तर, ह्ये बाजं फकस्त बघायचं हाय काय?”

गावात खालू बाजा होता. ढोल, टिमकी, झांज आणि सनई असा हा कोकणचा जुना ताफा. शिमग्याच्या पालखीपुढे तोच असतो आणि लग्नातही त्याचाच मान. या लग्नाला नवऱ्याकडच्यांनी ‘बँडच पाहिजे’ असा हट्ट धरल्याने ही मंडळी देवळाच्या पायरीवर रुसून बसली होती. मास्टर तिथे गेला. वाटाघाटी लांबल्या. मास्टरने आधी घाटाला दोष दिला, मग पावसाला, मग सरळ हात जोडले. अखेर खालू बाजा पुढे चालेल, बँड मागे चालेल आणि पैशांत तिसरा हिस्सा, असे ठरले. सनईवाल्या आजोबांनी एक जादा अट घातली: बँडवाल्यांनी गाल फुगवू नयेत, हसू येते आणि फुंक तुटते.

वरात उत्तम झाली. पुढे टिमकी कडाडत होती आणि मागे लाल डगले बोटे हलवत चालले होते. व्हिडिओवाल्याने हरकत घेतली नाही. तो नंतर त्यावर हिंदी गाणीच घालणार होता.

जेवणाविषयी वेगळे सांगायला हवे. बँडवाल्यांना शेवटच्या पंगतीनंतर, जनरेटरच्या बाजूला वाढतात. भात गार, वरण संपलेले, आणि आग्रह करणारा कुणी नाही. वाजवण्याचे काम ज्या जातींवर पिढ्यान्पिढ्या टाकले गेले, त्यांच्याच घरची माणसे आजही कितीतरी बँडांत आहेत, आणि त्यांना मांडवाच्या कोणत्या अंगाला बसवायचे हे यजमानांना कुणी शिकवावे लागत नाही. ज्यांच्या तालावर घरातली थोरली सून नाचली, त्यांच्या पानावर लोणचे वाढायला तिला सवड नसते. त्या दिवशी खालू बाजावालेही तिथेच होते. सनईवाल्या आजोबांनी आपल्या पानातली पुरी शेजारच्या डमीच्या पानात टाकली.

तो डमी म्हणजे बँडमधला सर्वांत म्हातारा माणूस. एके काळचा पहिला क्लॅरनेटवाला. क्लॅरनेट वाजवताना वरचे पुढचे दात माउथपीसवर टेकवायचे असतात. ते पडले तेव्हापासून तो डमीच्या दरावर होता, पण वाद्य स्वतःचे आणि रीड ओली ठेवायची सवय जुनी. पाठवणीला मुलीच्या आईने ‘नीलकमल’ (1968) मधले बापाच्या आशीर्वादाचे गाणे मागितले. मास्टर जमिनीकडे पाहू लागला. म्हाताऱ्याने दोन्ही ओठ आत वळवून दाताविना माउथपीस धरला आणि वाजवायला घेतले. सूर पातळ होता, हलतही होता, पण गाणे तेच होते. अंतऱ्यात दम सरला, तेव्हा सनईने पुढची ओळ उचलली. दोघांची पट्टी एक नव्हती. मामा, जे सकाळपासून पैसे कापण्याची भाषा करत होते, ते मांडवाच्या खांबामागे गेले आणि बराच वेळ तिकडेच राहिले.

बाहेर आल्यावर मामांनी पैसे कापलेच.

रात्री मलकापुरात दोन्ही टेम्पो भेटले. खऱ्या वादकांकडे गुरुजींनी दिलेले नारळ आणि बक्षिसी होती. डमींनी, मोठ्या सुपारीला आपण गेलो म्हणून दर मोठा पाहिजे, असा मुद्दा काढला. मास्टरने वाजवले किती असे विचारल्यावर तो मागे घेण्यात आला. टेम्पोचे भाडे दोन्ही सुपाऱ्यांतून वजा झाले. वहीत म्हाताऱ्याच्या नावापुढे वादकाचा पूर्ण रोज लागला. पुढच्या तिथीला तो पुन्हा डमीच्या दराने गेला.