वीरगळ सापडल्यास काय करावे

अभिनंदन! मारुतीच्या देवळामागे, उकिरड्याला खेटून, तुम्हाला एक कोरीव दगड दिसला आहे. कमरेइतका उंच, काळा, अर्धा मातीत रुतलेला. गावाने आजवर त्याच्यावर धुणी आपटली, विळे परजले, म्हशी बांधल्या. आता पाळी तुमची.

पूर्वी इतिहास संशोधक व्हायचं म्हणजे मोठी यातायात असे. संस्कृत शिका, जुनी कन्नड शिका, उन्हातान्हात पायपीट करा, आणि एवढं करून शेवटी लेखात 'बहुधा' असं लिहा. 'बहुधा' लिहिणाऱ्याला कधी कुणी शाल-श्रीफळ दिलंय? खालच्या सूचना क्रमाने पाळा. या रविवारी तुम्ही अभ्यासक व्हाल, पुढच्या रविवारी ज्येष्ठ अभ्यासक.

१. दगड वाचू नका.

नवशिके इथेच घसरतात. वीरगळ खालून वर वाचायची असते आणि ती वाचायला लिपी यावी लागत नाही, हाच तिचा धोका. सगळ्यात खालच्या चौकटीत वीर आडवा पडलेला. त्याच्याजवळ कधी कधी गाई असतात: एकीमागे एक, आणि जागा अपुरी पडली म्हणून मागच्यांची पाथरवटाने नुसती तोंडं आणि शिंगं काढलेली. त्यावरच्या चौकटीत लढाई, ढाल-तलवार, एखादा घोडेस्वार. त्याच्या वर दोन अप्सरा, एक या बाजूला आणि एक त्या बाजूला, वीराला धरून स्वर्गाकडे नेताहेत. सगळ्यात वरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलाय, पलीकडे पुजारी. माथ्यावर कलश, कडेला सूर्य-चंद्र. ते आभाळात आहेत तोवर याची आठवण राहावी अशी तजवीज.

म्हणजे गोष्ट एवढीच, की कुणीतरी गावची गुरं वळवून नेली, हा माणूस त्यांच्या मागे धावला आणि परत आला नाही. पाचवीतल्या पोरालाही कळेल. पण असल्या गोष्टीवर दीड तासाचं व्याख्यान होत नाही. म्हणून दगडाकडे पाठ करा, सेल्फी काढा आणि पुढे चला.

२. काळ ठरवा.

फार गोंधळू नका, काळ दोनच आहेत: पांडवकालीन आणि शिवकालीन. दगड झिजलेला असेल तर पांडवकालीन. तलवार ओळखू येत असेल तर शिवकालीन.

महाराष्ट्रातल्या बऱ्याचशा वीरगळी शिलाहार आणि यादवांच्या काळातल्या, म्हणजे ढोबळमानाने ११ व्या ते १४ व्या शतकातल्या आहेत, शिवाजी महाराजांच्या जन्माआधी अडीचशे ते सहाशे वर्षांच्या, असं सांगणारा एखादा चष्मेवाला सभेत निघेलच. 'ही प्रथा पुढेही चालू होती' एवढं त्याचंच अर्धं वाक्य त्याच्या तोंडावर मारा. वाक्य खरं आहे, त्यामुळे तो गडबडतो.

शेजारी दगडी देऊळ असेल तर ते हेमाडपंती. चुना न वापरलेली प्रत्येक भिंत हेमाडपंती. हा हेमाडपंत, म्हणजे हेमाद्री, महादेव आणि रामचंद्र या यादव राजांच्या दरबारी कारभार पाहायचा आणि 'चतुर्वर्गचिंतामणी'सारखा अवाढव्य ग्रंथही रचायचा. त्याच्या जन्माआधी उभ्या राहिलेल्या देवळांवर तो देखरेख कधी करायचा, हे अजून कुणी विचारलेलं नाही.

३. वीराला बढती द्या.

गुरांमागे धावलेला साधा गडी फ्लेक्सवर शोभत नाही. त्याला निदान सरदार करा, जमल्यास सेनापती. केसांचा अंबाडा दिसला तर फेटा म्हणा. कमरेच्या वस्त्राला चिलखत म्हणा. घोडा कोरलेला नसेल तर 'घोडा आधीच धारातीर्थी पडला होता' असं खालच्या पट्टीत, किंचित थांबून सांगा. बायका डोळे पुसतात.

साताऱ्याकडे चंदन-वंदन गडांच्या पायथ्याशी किकलीला भैरवनाथाच्या देवळाभोवती वीरगळींची रांगच्या रांग आहे. तुमचं गाव तसलं असेल तर बढत्या देताना हात आखडता घ्या. सगळेच सेनापती झाले तर लढलं कोण, असा प्रश्न लहान मुलं विचारतात.

मग आडनाव. ते अर्थात तुमचंच. गावात दोन भावक्या असतील तर वर्गणी गोळा होईपर्यंत नाव जाहीर करू नका.

४. नाव द्या.

आपल्याकडच्या बहुतेक वीरगळींवर अक्षर नाही. सूर्य-चंद्राची हमी आहे, पण हमी कुणासाठी ते लिहायचं राहून गेलं. कर्नाटकात लिहायची चाल जास्त. तिथे आतकूरचा दगड आहे, साधारण इ. स. ९५० चा. तो एका कुत्र्याचा आहे. रानडुकराशी झुंजताना दोघंही मेले. कुत्र्याचं नाव काळी, धन्याचं नाव मनलेर, तो कुत्रा देणाऱ्या गंग राजाचं नाव बूतुग, सगळं दगडावर नोंदलेलं. राष्ट्रकूट आणि चोळांच्या तक्कोलमच्या लढाईचा हवालाही त्याच लेखात सापडतो. एका कुत्र्यामागे एवढा इतिहास, आणि तुमच्या वीराला साधं नाव नाही! वाईट वाटणं साहजिक आहे. वाटू द्या, आणि शेवटी 'राव' लागेल असं एखादं नाव ठेवून द्या.

५. लेख असलाच तर तो 'काढा'.

खरे लिपितज्ज्ञ ओला कागद दगडावर बसवतात, ब्रशने हळूहळू ठोकतात, वर शाई देतात आणि सुकल्यावर ठसा घरी नेऊन महिनोन्महिने त्यावर डोळे फोडतात. तुम्ही पांढरा खडू घ्या. जे वाचायचं आहे ते आधी ठरवा, मग दगडावर तेवढंच गिरवा. विळे परजल्याच्या चरांना ब्राह्मी म्हणता येतं.

दावा करताना माफक राहा. अलिबागजवळ आक्षीचा शिलालेख आहे. शं. गो. तुळपुळे यांच्या वाचनाप्रमाणे त्यावर शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ ही मिती आहे, आणि पुष्कळ जण तो मराठीतला सर्वांत जुना लेख मानतात. त्या मितीवर विद्वानांचे वाद झाले आहेत. तुम्ही वादात पडू नका. तुमचा लेख आक्षीच्या लेखाहून दहा वर्षांनी जुना आहे, एवढंच जाहीर करा. शंभर वर्षं मागितलीत तर पेपरवाले पुरावा मागतात. दहाला कुणी हरकत घेत नाही.

६. गधेगाळ निघाल्यास घाबरू नका.

हा प्रसंग कुटुंबवत्सल संशोधकावर येतोच. वर सूर्य-चंद्र, मधे लेख, आणि खाली गाढव व स्त्री अशा अवस्थेत, की सहकुटुंब पाहायला आलेल्या भावोजींना एकदम दूरचा डोंगर दाखवावा लागतो. ते कोरीव काम नव्हे, दानपत्राची अट आहे. दिलेली जमीन जो हिरावून घेईल त्याच्या आईबद्दलची ती शिवी, आणि ज्याला अक्षर वाचता येत नाही त्यालाही पोचावी म्हणून चित्रात काढलेली. शिलाहारांच्या कोकणात असे दगड बरेच सापडतात. त्या काळचं महसूल खातं आजच्यापेक्षा स्पष्टवक्तं होतं, असं माझं मत आहे.

तुम्ही प्लॉटिंगच्या धंद्यात असाल तर मान्यवरांसोबतचा फोटो या दगडापुढे काढू नका. इतरांनी तो सिमेंटच्या ओट्यात अर्ध्यापर्यंत गाडावा, म्हणजे सूर्य-चंद्रच वर राहतात आणि हळदीकुंकू वाहता येतं.

अशा दगडाखाली गुप्तधन असतं, असं तुम्हाला कुणीतरी सांगणारच. अमावास्येच्या रात्री पहार घेऊन जायचं असेल तर जा. खाली माती असते. तिच्याखाली मुरूम.

७. सतीशिळेवर वेळ घालवू नका.

काटकोनात दुमडलेला हात, मनगटभर बांगड्या, पंजा उघडा. 'देवीचा आशीर्वाद' म्हणा आणि पुढे चला. तो हात कुणाचा आणि बांगड्या तशाच का ठेवल्या, हे बायकांच्या घोळक्यात सांगायला गेलात तर चहा मिळणार नाही.

८. होड्या दिसल्या तर तिसरं मत द्या.

मुंबईत बोरिवलीजवळ एकसरला, इमारतींच्या गराड्यात, वीरगळी आहेत. त्यांवर वल्ह्यांच्या होड्यांची रांग आणि समुद्रावरची लढाई कोरलेली आहे. एक पक्ष म्हणतो, हे यादव महादेव आणि शिलाहार सोमेश्वर यांचं १२६५ च्या सुमाराचं युद्ध. त्यात सोमेश्वर समुद्रात बुडाला. महादेवाच्या तावडीत सापडण्यापेक्षा त्याने बुडणं पत्करलं, असा टोमणा यादवांच्या बाजूने हेमाद्रीच्या ग्रंथातच नोंदलेला आहे. (वेळ मिळायचा, बघा.) दुसरा पक्ष या दगडांना आणखी मागे, ११ व्या शतकात नेतो. दोन्ही बाजू वाचून काढायच्या तर सुट्टी जाते. तुम्ही सरळ पोर्तुगीज म्हणा. कुठलाच पक्ष तुमच्याशी वाद घालायला येणार नाही.

९. जीर्णोद्धार करा.

आधी स्वच्छता: तारेचा ब्रश, ॲसिड, आणि वर्गणी चांगली जमली असेल तर सँडब्लास्टिंग. शेंदराच्या पुटांबरोबर नाक-डोळे निघून येतात. त्याचं दुःख करू नका, ते ऑइलपेंटने परत काढता येतात. अप्सरांना गुलाबी, गाईंना पांढरा, वीराला भगवा. गावातला पेंटर हुशार असेल तर पुजाऱ्याला मोबाइल नंबरही देईल.

मग दगड जेसीबीने उचलून सभामंडपात आणा. मूळ जागा कुठली होती, हे लिहून ठेवू नका. ओढ्याचा उतार, जुनी गाडीवाट, गुरं कुठून आली आणि कुठे गेली, असल्या भानगडी त्यातूनच निघतात. शंभर वर्षांहून जुन्या शिल्पाला १९७२ च्या कायद्याने पुरावशेष म्हणतात आणि राज्याचा १९६० चा निराळा कायदाही आहे, हे ठेकेदाराला सांगू नका. तो दर वाढवतो.

शेवटी कोनशिला. संगमरवरी, वीरगळीपेक्षा चार बोटं उंच, आणि बरोबर तिच्या पुढ्यात. शुभहस्ते, प्रमुख उपस्थिती, विशेष सहकार्य, सरपंच, उपसरपंच, समस्त सदस्य, ग्रामसेवक, ठेकेदार, ध्वनिव्यवस्था. चौथ्या सूचनेत ठेवलेल्या नावाला जागा उरली नाही तर ते वगळा, त्याचे वारस तक्रार करणारे नाहीत. उद्घाटनादिवशी मंडपाकडे मोकाट गुरं फिरकू नयेत म्हणून काठी देऊन दोन पोरं उभी करा. आणि कारागिराने 'विरगळ' असं ऱ्हस्व कोरलं तर गप्प राहा. दुरुस्ती म्हटली की बिल पुन्हा मंजुरीला जातं.