आद्याक्षरांचा उपासक

नाशिकच्या सेवानिवृत्त मध्यमवर्गात सोसायटीचे राजकारण, मधुमेह आणि ज्योतिष या सर्वमान्य व्यासंगांपासून फटकून राहणारा जो एक अल्पसंख्य पोटवर्ग आढळतो, त्याला सोयीसाठी ‘संघयादी-संशोधक’ म्हणता येईल. जुन्या क्रिकेट सामन्यांत कोण कोण खेळले, त्यांची पूर्ण नावे काय आणि वृत्तान्ताच्या शेवटी ‘इत्यादी’ या शब्दात ज्यांची बोळवण झाली ते नेमके कोण, एवढ्याच प्रश्नांना त्याने उर्वरित आयुष्य वाहिलेले असते. सामना कोणी जिंकला, याच्याशी त्याला फारसे कर्तव्य नसते.

प्रा. दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकणारा महाराष्ट्राचा संघ हे या पोटवर्गाचे आराध्यदैवत होय. देवधरांनी वयाच्या ४८ व्या वर्षी मुंबईविरुद्ध २४६ धावा काढल्या, हे सामान्य रसिकाला पुरते. संशोधकाला मात्र त्या सामन्यात तंबूत बसून राहिलेला बारावा गडी, म्हणजे केवळ गरजेपुरता मैदानात उतरणारा राखीव खेळाडू, झोप लागू देत नाही.

त्याच्या व्यासंगाचा खरा कस लागतो तो हजारे प्रकरणात. १९४३ च्या पंचरंगी स्पर्धेच्या, म्हणजे धर्म आणि जमातवार संघांत खेळल्या जाणाऱ्या स्पर्धेच्या, अंतिम सामन्यात ‘शेष’ संघाने दुसऱ्या डावात ३८७ धावा केल्या; त्यांपैकी ३०९ विजय सॅम्युएल हजारे यांच्या होत्या आणि सहाव्या गड्यासाठी झालेल्या ३०० धावांच्या भागीदारीत त्यांचे बंधू विवेक सॅम्युएल हजारे यांचा वाटा २१ धावांचा होता. एकाच धावफलकावर दोन ‘व्ही. एस. हजारे’ म्हटल्यावर संशोधकाला जे समाधान लाभते, ते इतरांना नातवंडाच्या बारशातही लाभत नाही. त्याची सहानुभूती अर्थातच विवेक यांच्याकडे असते, कारण विजय यांची काळजी घ्यायला सारा देश आहे.

सार्वजनिक वाचनालय या १८४० साली स्थापन झालेल्या संस्थेशी त्याचे नाते जुने असते, आणि वेळप्रसंगी रामकुंडावरील तीर्थपुरोहितांच्या वह्यांतही, जेथे यात्रेकरूंच्या पिढ्यान्‌पिढ्या नोंदलेल्या असतात, एखाद्या यष्टीरक्षकाच्या पणजोबांचा शोध घ्यायला तो कमी करत नाही. त्याच्या स्वतःच्या जमाखर्ची वहीत शंकास्पद नावे पेन्सिलीने आणि दोन पुराव्यांनी सिद्ध झालेली शाईने लिहिलेली असतात. एका नावाच्या शाईसाठी तो परगावी दूरध्वनी करून ‘आजोबांच्या नावातला के कशाचा हो?’ असे विचारतो, आणि पलीकडून ‘काका, आम्ही त्यांना अण्णाच म्हणायचो’ असे उत्तर आले, की ते नाव आणखी वर्षभर पेन्सिलीतच राहते. ही सावधगिरी अनाठायी नाही. अमेरिकेतील बेसबॉलच्या अधिकृत मानल्या गेलेल्या कोशांत १९१२ च्या सेंट लुईस ब्राउन्स संघातील लू प्रॉक्टर नावाचा खेळाडू कित्येक वर्षे ठाण मांडून होता. पुढे असा कोणी खेळलाच नव्हता असे ठरून तो वगळण्यात आला. तेव्हापासून शून्यावर बाद झालेल्या प्रत्येकाकडे हा संशोधक संशयाने पाहतो.

त्याचे एकच दुःख स्थानिक आहे. सलग २१ निर्धाव षटके, म्हणजे एकही धाव न देता टाकलेली षटके, १९६४ साली मद्रासच्या कसोटीत टाकणारे बापू नाडकर्णी नाशिकला जन्मले, याचा शहराला अभिमान असला, तरी ‘आर. जी.’ म्हणजे रमेशचंद्र गंगाराम हे जगजाहीर असल्याने संशोधकाच्या दृष्टीने त्यांच्यात काही उरलेले नाही.

हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर रणजी सामना आला, की तो खेळाकडे पाठ करून राखीव खेळाडूंच्या तंबूकडे वळतो आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन निघालेल्या पोराला थांबवून वडिलांचे नाव, जन्मगाव आणि जन्मतारीख विचारतो. पोराला हे गृहस्थ निवड समितीवरचे वाटतात, त्यामुळे तो वाकून नमस्कार करतो आणि न विचारता आजोळही सांगून टाकतो.