चार तासांची स्ट्रॉबेरी

स्ट्रॉबेरी चार तासांत पिकते असं महाबळेश्वरच्या एखाद्या बागायतदाराला सांगितलं, तर तो आधी आपल्या तोंडाकडे आणि मग आपल्या मऊ तळव्यांकडे पाहील. तरी ती पिकत होती. २००९च्या जूनमध्ये फेसबुकवर ‘फार्मव्हिल’ नावाचा शेतीचा खेळ आला आणि वर्षभराच्या आत महिन्याला आठ कोटींहून जास्त माणसं तिथे नांगर धरू लागली. सातबारा नाही, तलाठी नाही, आभाळाकडे डोळे लावणं नाही. ज्यांच्या आजोबांनी जमीन विकून शहर गाठलं, त्यांची नातवंडं साहेबाची पाठ वळली की वांगी काढत होती.

माझी मावशी त्यांच्यातलीच. वेळेत तोडलं नाही तर पीक वाळे, म्हणून ती अवेळी उठून शेत पाहून येई. कुणाच्या रानात एखादी एकाकी गाय भटकत आली की तिला आसरा द्या, अशी विनवणी सगळ्या गोतावळ्यात फिरे. कोकणातल्या जमिनीच्या वाटणीवरून मावशी आणि तिच्या जाऊबाई वर्षानुवर्षं बोलत नव्हत्या. पण जाऊबाईंच्या या शेताला मावशी न चुकता खत घालून येई, आणि तिकडूनही खत येई. खत घालताना बोलावं लागत नाही, ही मोठीच सोय.

खेळ फुकट होता. भाजीवाली पिशवीत मूठभर कोथिंबीर वरून टाकते, तसं. फक्त इथे पिशवीभर कोथिंबीरच होती आणि भाजीचे पैसे कुणीतरी दुसराच देत होता. वाट पाहणं ज्याला सोसवत नाही, तो खरे डॉलर मोजून खेळातली नोट घेई. असे खेळाडू थोडेच. उरलेल्या कोट्यवधींचं काम शेजारी होण्याचं, कारण शेजारीच नसेल तर रंगवलेलं कुंपण दाखवायचं कुणाला? या शेजारधर्माच्या बळावर ‘फार्मव्हिल’ काढणारी ‘झिंगा’ कंपनी २०११च्या डिसेंबरात शेअर बाजारात उतरली आणि तिने शंभर कोटी डॉलर उभे केले. मावशीच्या खताचा त्यात किती वाटा, हे हिशेबात कुठे दिसत नाही.

इयान बोगोस्ट नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाला हे सगळं हास्यास्पद वाटलं. त्याने २०१०मध्ये टवाळी म्हणून ‘काऊ क्लिकर’ काढला: पडद्यावर गाय, दर सहा तासांनी तिच्यावर एक टिचकी, संपला खेळ. लोकांनी तो मनापासून खेळायला घेतला. मग त्याने तीच गाय उलट्या दिशेला तोंड करून जास्त किमतीला विकायला काढली, तीही खपली. वैतागून २०११च्या सप्टेंबरात त्याने सगळ्या गायी नाहीशा केल्या. तरी काही जण येऊन रिकाम्या गवतावर टिचकी मारून जातच राहिले. थट्टा करणाऱ्याची इतकी प्रेमळ फजिती क्वचितच होते.

‘फार्मव्हिल’चा जुना खेळ ज्या ‘फ्लॅश’ तंत्रावर चाले, ते तंत्रच बंद होणार म्हणून ३१ डिसेंबर २०२० रोजी तो थांबला. त्या संध्याकाळी जाऊबाईंचा फोन आला. दोघी बराच वेळ गायींबद्दल, कुंपणालगतच्या झाडांबद्दल बोलल्या. कोकणातल्या जमिनीचा विषय कुणीच काढला नाही. त्या दाव्याची पुढची तारीख फेब्रुवारीत होती.