फळमाशी आणि व्हिजिटिंग कार्ड

अन्नसुरक्षेच्या परिषदेत सर्वांत धोक्याची वेळ म्हणजे दुपारचं जेवण. सकाळी वक्त्यांनी पडद्यावर लाल पट्टा दाखवून बजावलेलं असतं, की शिजलेलं अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान रेंगाळू देऊ नका, जंतू तिथेच झपाट्याने वाढतात. मग प्रमुख पाहुण्यांचं मनोगत लांबतं, आभारप्रदर्शन त्याहून लांबतं आणि दीडच्या जेवणाला अडीच वाजतात. तोवर पनीर त्या लाल पट्ट्यात सुखाने नांदत असतं. रांगेतल्या कित्येकांच्या बॅगेत थर्मामीटर असतो. तो बाहेर काढण्याइतकं उद्धट मात्र कोणी नसतं. तरीही माझं मत असं, की अशा परिषदा भरवणाऱ्या संस्थांचं खरं काम, म्हणजे माणसांची एकमेकांशी ओळख, त्या रांगेतच होतं आणि रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात ते व्हायलाच हवं. इतर धंद्यांत शेजारी बुडाला तर आपलं गिऱ्हाईक वाढतं. खाण्याच्या धंद्यात शेजारी बुडतो तो आपल्याला घेऊन.

पुरावा फार लांबचा नाही. १ मे २०१४ला, ऐन महाराष्ट्र दिनी, युरोपीय संघाने भारतातल्या आंब्याला दार बंद केलं. सोबतीला अळू, कारलं, पडवळ आणि वांगं होतंच. ब्रुसेल्सच्या कचेरीत बसून कोणीतरी आपल्या सणाचं अर्धं पान एका सहीत रिकामं केलं. कारण इतकंच, की २०१३ साली भारतातून गेलेल्या फळा-भाज्यांच्या २०७ खेपांत फळमाशीसारखी कीड सापडली होती. या माश्या कोणत्या राज्यातल्या, कोणाच्या बागेतल्या, हे हापूसला कोणी विचारलं नाही. ज्याने कलमांना सापळे टांगले होते, खाली पडलेली फळं रोजच्या रोज वेचून पुरली होती, त्याचीही पेटी घरीच राहिली. माशीला सातबारा वाचता येत नाही. ती गडगा ओलांडून जाते आणि गडग्यापलीकडचा बागायतदार आपल्याशी तीन पिढ्यांच्या पायवाटेवरून बोलत नसतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या ‘रक्षक’ सापळ्यात नर माश्या येऊन अडकतात खऱ्या, पण एकट्याने सापळा लावायचा आणि शेजाऱ्याने सडकी फळं झाडाखाली ठेवायची, म्हणजे आपण फक्त त्याच्या पाहुण्यांची सोय करतो. जानेवारी २०१५मध्ये आंब्यावरची बंदी उठवायचं ठरलं ते निर्यातीची तपासणी आणि फळावरची प्रक्रिया कडक झाल्यावर. त्यासाठी बागायतदार, कृषी खात्याचा निरीक्षक, पॅकहाउसवाला आणि निर्यातदार यांना एकमेकांच्या कागदांवर सह्या कराव्या लागल्या. अपेडा या केंद्राच्या कृषी निर्यात प्राधिकरणाच्या ज्या व्यवस्थेत निर्यातीच्या बागांची नोंद होते तिचं नावच मुळी ‘मँगोनेट’ आहे. ज्यांनी स्वखुशीने नेटवर्क केलं नाही त्यांना सरकारने ते पोर्टलवर करून दिलं.

मासळीची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या जेटीवर बांगडा उतरतो तेव्हा त्याचं भवितव्य बरंचसं ठरून गेलेलं असतं. जाळ्यातून काढल्यावर तो लगेच बर्फात गेला नाही, तर जंतू त्याच्या मांसात हिस्टामाइन तयार करतात आणि ते एकदा झालं की तिखलं कितीही रटरटवा, जात नाही. खाणाऱ्याच्या अंगावर गांधी उठतात आणि घरात ‘मासळीची अ‍ॅलर्जी आहे’ असा कायमचा शिक्का बसतो. बिचारा बांगडा! दोष असतो बर्फाचा. बर्फ कमी का पडला हे खलाशाला ठाऊक. तो कोणत्या पाण्याचा होता हे बर्फवाल्याला ठाऊक. त्या पाण्याच्या नळाशेजारून गटार कुठून जातं हे नगर परिषदेच्या आरोग्य विभागाला ठाऊक, आणि माल नापास का झाला हे प्रक्रिया कारखान्यातल्या क्वालिटी कंट्रोलच्या मुलीला. जवळच शिरगावला १९८१पासून मत्स्य महाविद्यालय आहे. हे सगळं एकत्र बांधून सांगणारी माणसं तिथे आहेत. ज्ञान गावात भरपूर आहे, फक्त ते पाच खिशांत आहे आणि खिसे एकमेकांना ओळखत नाहीत.

हे दुखणं रत्नागिरीपुरतं नाही. १९११ साली अमेरिकेत मिलवॉकीला दूध तपासनीस मंडळी जमली आणि त्यांनी संघटना काढली. तीच आज इंटरनॅशनल असोसिएशन फॉर फूड प्रोटेक्शन म्हणून जगभरच्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांना एकत्र बसवते. आपल्याकडे म्हैसूरला १९५७ साली अन्नशास्त्रज्ञ आणि तंत्रज्ञांची संघटना निघाली. पण कोकणी माणूस विचारणार, ‘माझा माल चोख, मला संघटना हवी कशाला?’ याचं उत्तर कार्बाइडच्या पुडीत आहे. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवायला बंदी आहे. इथिलीन वायू ठरलेल्या मर्यादेत चालतो. दादरच्या गिऱ्हाइकाला हा फरक माहीत नसतो. त्याला एका पेटीचा संशय आला की पेंढ्याच्या अढीत निगुतीने पिकवलेला तुमचा आंबाही तो आरोपीसारखा हुंगतो. तिथे तुमच्या चोखपणाची साक्ष द्यायला तुम्ही एकटे पुरत नाही.

गंभीर आक्षेप दुसराच आहे: अन्न सुरक्षा अधिकारी आणि व्यापारी एका पंगतीला बसले की साटंलोटं होणार. ही भीती खोटी नाही. पण कायद्याने तिची थोडी सोय केली आहे. अन्नाच्या नमुन्याचे चार भाग होतात. एक विश्लेषकाकडे जातो, व्यापाऱ्याने मागणी केली तर एक मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत. अहवाल १४ दिवसांत यायचा आणि तो पटला नाही तर ३० दिवसांत अपील. एवढ्या वाटा असल्यावर एका पंगतीच्या ओळखीवर निकाल फिरवणं सोपं नाही. शिवाय साटंलोटं व्हायला संस्था लागत नाही, मागचं दार पुरतं. भर सभागृहात शंभर जणांसमोर ‘साहेब, लेबलवर नेमकं काय छापू?’ असं विचारणारा कॅनिंगवाला मला नमुना घेतल्यानंतर ओळख शोधत फिरणाऱ्यापेक्षा कितीतरी विश्वासाचा वाटतो. राहिला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा पर्याय. तिथे ‘खात्रीशीर हापूस, घरपोच’ अशा जाहिराती आणि सुविचार यांच्यामधून प्रयोगशाळेचा अहवाल शोधून दाखवावा, मी आक्षेप मागे घेतो.

हे मात्र कबूल, की आपल्या संस्थांना सत्काराचा रोग जडला आहे. अध्यक्षांचा सत्कार, माजी अध्यक्षांचा सत्कार, सत्कार करणाऱ्यांचा सत्कार, आणि उरलेल्या दहा मिनिटांत जलशुद्धीकरण. तेव्हा जिल्ह्यातल्या मंडळींना विनंती इतकीच, की दरवर्षी काढणीच्या हंगामाआधी एक दिवस जमावं. बागायतदार, बर्फवाले, कॅनिंगवाले, खानावळवाल्या मावश्या, पाणी तपासणारे आणि अन्न खात्याचे अधिकारी, सगळ्यांनी. प्रायोजक नको, मंचही नको. जेवण नोंदणी असलेल्या बचत गटाचं असावं आणि पहिला घास घेण्याआधी बॅगेतला थर्मामीटर बाहेर यावा. शाल-श्रीफळ वगळावं, नारळ आणलेच असतील तर ते वाटणाला द्यावेत.