चाळिशी डोळ्यांत घालण्याचा शास्त्रोक्त विधी

चाळिशी लागल्याचे माणसाच्या आधी त्याच्या हाताला कळते. गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख वाचताना हात आपोआप लांब जाऊ लागतो. हात पुरेनासा झाला, की माणूस छपाईला नावे ठेवतो. छपाई बिचारी निर्दोष असते. डोळ्यातले भिंग वयाबरोबर कडक होते आणि जवळचे पाहण्यासाठी फुगायला नकार देते. चष्मा लावून वय कबूल करायचे नसेल, तर मल्टिफोकल कॉन्टॅक्ट लेन्स आहेतच. त्या निवडण्याचा विधी असा:

१. भ्रमनिरास आधीच उरकून घ्यावा. प्रोग्रेसिव्ह चष्म्यात वर लांबचे, खाली जवळचे अशी रीतसर वाटणी असते. सॉफ्ट लेन्स डोळ्याबरोबरच फिरते, त्यामुळे तिथे ही वाटणी टिकत नाही. बहुतेक लेन्समध्ये जवळचे, मधले, लांबचे असे सगळे नंबर बाहुलीसमोर एकदम हजर असतात. थोडक्यात, एकत्र कुटुंब. सगळे एकाच वेळी बोलतात. कुणाचे ऐकायचे ते मेंदूने ठरवायचे. हे अंगवळणी पडायला आठवडा-दोन आठवडे लागतात. दुसऱ्याच दिवशी ‘फसवले’ म्हणून दुकानात जाऊ नये.

२. ‘हाय’ या शब्दाला भुलू नये. वाचनासाठी लागणाऱ्या जादा नंबरला ‘ॲड’ म्हणतात. ती लो, मीडियम, हाय अशी मिळते. घ्यायचीच तर भारीतली घ्या, हा आपला लग्नाच्या बस्त्यातला बाणा इथे नडतो. ॲड वाढली, की लांबचे धूसर होण्याची आणि दिव्यांभोवती वलये दिसण्याची शक्यताही वाढते. जेवढीने भागते, तेवढीच घ्यावी.

३. कर्ता डोळा ओळखावा. दोन्ही तळहात पुढे धरून मध्ये छोटी खिडकी ठेवा आणि तीतून भिंतीवरचे घड्याळ पाहा. आता एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला घड्याळ जागेवर दिसते, तो कर्ता. लांबचे सहसा त्याच्याकडे सोपवतात. दुसऱ्याने थोडे जवळचे सांभाळायचे. घरातल्यासारखेच.

४. तपासणीत खरे बोलावे. ‘दिवसभर काय करता?’ या प्रश्नाला ‘वाचन’ हे उत्तर भारदस्त असले, तरी मोबाइल पाहत असाल तर मोबाइलच सांगा. चाचणीची लेन्स घालून घरी या. भाजीवाल्याच्या काट्यावरचा आकडा, येणाऱ्या बसची पाटी आणि दिवेलागणीला तांदळातले खडे, हे तिन्ही दिसले तर पास. मंद उजेडात बाहुली मोठी होते आणि लेन्सचे खरे गुण तेव्हाच उधळतात.

५. मिरचीशी वैर धरावे. मी एकदा ठेच्यासाठी सहा लवंगी मिरच्या चिरल्या, हात नळाखाली धरले आणि रात्री लेन्स काढायला गेलो. मिरचीचा तिखटपणा नुसत्या पाण्याने जात नाही, हे रसायनशास्त्र मी त्या रात्री रडत रडत शिकलो. साबण लावावा, हात पूर्ण कोरडे करावेत. लेन्सला मात्र नळाचे पाणी कधीही लावू नये. त्यातल्या सूक्ष्म जीवांमुळे बुबुळाला गंभीर संसर्ग होऊ शकतो. लेन्स घालून झोपू नये. डबी दर तीन महिन्यांनी बदलावी.

एवढे करूनही पाकिटावरची तारीख दिसली नाही, तर खिशातून वाचायचा चष्मा काढावा. लेन्सवरून तो बिनदिक्कत लावता येतो.