लागोसचे काका

लागोसला नव्याने उतरलेल्या मराठी माणसाला मलेरियाच्या आधी काका गाठतात. इलुपेजूतल्या कारखान्यात असोत की आपापाच्या बंदरावर, काका सगळीकडे एकाच छापाचे. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात दोन फोन आणि तोंडी एकच वाक्य: "यंदाचं शेवटचं. करार संपला की सरळ पुणे." हा करार संपलेला आजवर कुणी पाहिलेला नाही.

नवख्याला पहिली दीक्षा डिझेलची. 'नेपा' ही सरकारी वीज कंपनी केव्हाच इतिहासजमा झाली, 2013 साली वितरण खाजगी हातांत गेलं, तरी दिवे आले की गल्लीतली पोरं अजून "अप नेपा!" म्हणून ओरडतात. काका ओरडत नाहीत. दिवे जातात तेव्हा मात्र ते घास हातात धरून कान टवकारतात, जनरेटर सुरू झाला की क्षणभर ऐकतात, "बेअरिंग जाणार आठवड्यात," असं जाहीर करतात आणि भात कालवायला लागतात. बेअरिंग जातं. या माणसाला भीमपलास आणि भूप यांतला फरक मात्र जन्मात कळला नाही, हे काकूंचं दुःख.

नायरा या तिथल्या चलनाबद्दल त्यांच्यासमोर बोलू नये. 2023 च्या जूनमध्ये सरकारने त्याला मोकळं सोडलं आणि साडेचारशे-पावणेपाचशेचा डॉलर वर्ष उलटायच्या आत हजाराच्या पार गेला. तेव्हापासून काका भेंडी नायरात घेतात, पगार डॉलरात मोजतात आणि उसासा रुपयात टाकतात.

पण काकांना पाहावं ते 'गो-स्लो'त, म्हणजे तिथल्या ट्रॅफिक जॅममध्ये. बेटावरच्या ऑफिसला जायला थर्ड मेनलँड ब्रिज आहे, 1990 साली पुरा झालेला, जवळजवळ बारा किलोमीटरचा. त्याआधीच्या रांगेत काळ्या पट्ट्यांच्या पिवळ्या डान्फो बसगाड्या आरसे घासत घुसतात आणि मधल्या फटींतून पोरं पळत येतात. केळ्याचे वेफर्स, पाण्याच्या थंडगार पिशव्या, भिंतीवरचं घड्याळ, एखादे दिवशी चक्क कुत्र्याचं पिल्लू. काका काच चार बोटं खाली करतात.

"चार्जर हाउ मच?"

"फाइव्ह थाउजंड, ओगा."

"टू."

पोरगा आकाशाकडे बघतो. काका समोर बघतात. गाडी सरकते, पोरगा बरोबर धावतो, "ओगा, ॲड सम मनी नाऊ!" अडीच हजारांवर सौदा पटतो. काका तीन हजार देतात आणि उरलेले पाचशे मागतही नाहीत. घासाघीस ही तत्त्वासाठी करायची असते, पैशांसाठी नव्हे. चार्जर तसाही दोन दिवसांत जळतो.

सुट्टीत पुण्याला आले की चौथ्या दिवसापासून काका कासावीस. लागोसला गेटवरचा पहारेकरी रोज सकाळी "गुड मॉर्निंग ओगा"पासून सुरू करून रात्रीची झोप, मॅडम, मुलं, सगळ्यांची विचारपूस करतो. इथे लिफ्टमधला शेजारी मजल्यांचे आकडे वाचत उभा राहतो. मागच्या खेपेला तर लक्ष्मी रोडवर त्यांनी एक शर्ट निम्म्या किमतीत मागितला. दुकानदाराने शर्टाची घडी घातली, फळीवर ठेवला आणि पुढच्या गिऱ्हाइकाला "बोला" म्हणाला. काका तिरमिरीत बाहेर पडले, आणि काकू सांगतात, चांगली दहा मिनिटं पायरीवर उभे होते, तो मागे धावत येईल म्हणून.