कर्नल ‘हलका’ करणाऱ्यास खुलं पत्र

नमस्कार. ‘सप्रेम’ लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसता नमस्कार.

आमच्या गावच्या दूध संकलन केंद्रातल्या छोट्या संगणकावर तुम्ही नवा कर्नल चढवलात, तो संध्याकाळचं संकलन आटोपल्यावर. आम्हाला कुणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला पहिली किटली काट्यावर चढली. काट्याने वजन दाखवलं, फॅट मशीननेही आपला आकडा दाखवला, पण संगणकावर दोन्ही रकाने कोरे. मागे रांग. मी वही काढली आणि हाताने लिहायला घेतलं, कारण दूध थांबत नाही आणि गाडी सातला येते. त्या वहीत एका आजींच्या नावापुढे मी ३.८ फॅटच्या जागी ३.३ लिहिलं. त्यांनी मशीनवरचा आकडा लक्षात ठेवला होता, म्हणून संध्याकाळी चूक कळली. फॅटवर दर ठरतो. ज्यांच्या लक्षात राहिला नसेल, त्यांचं काय?

गाडी गेल्यावर मी शोधायला बसले. काटा आणि मशीन दोन्ही सिरीयल केबलने यूएसबी कन्व्हर्टरला जोडलेली आहेत. केबल बदलली, पोर्ट बदलला. यूएसबीच्या यादीत दोन्ही कन्व्हर्टर व्यवस्थित दिसत होते. म्हणजे यंत्रं जिवंत होती. पण ‘डेव्ह’ फोल्डरमध्ये ‘टीटीवाययूएसबी’ नावाची एकही फाइल नव्हती. यूडेव्हचे नियम दोनदा वाचून काढले. त्यांत काही वावगं नव्हतं.

मग ती फाइल, म्हणजे नोड, हाताने करून पाहिली. मेजर १८८, मायनर ०. फाइल तयार झाली, जीव भांड्यात पडला. उघडायला गेले तर उत्तर आलं: ‘नो सच डिव्हाइस ऑर अ‍ॅड्रेस’. नोड म्हणजे एक नाव आणि दोन आकडे. त्या आकड्यांवर हक्क सांगणारा ड्रायव्हर कर्नलमध्ये नसेल, तर ती नुसती दारावरची पाटी. ‘प्रॉक’मधली डिव्हाइसची यादी उघडली. त्यात १८८ नव्हताच. तिथे मला कळलं, की दोष आमच्या टेबलावर नाही, तुमच्या बांधणीत आहे.

पूर्वी ‘डेव्ह’मध्ये शेकडो फायली आधीच करून ठेवलेल्या असत, यंत्र असो वा नसो. २००९च्या डिसेंबरात कर्नलची २.६.३२ आवृत्ती आली, त्यात डेव्हटीएमपीएफएस आलं, आणि तेव्हापासून कर्नल स्वतःच त्या फायली मांडू शकतो. ड्रायव्हरने यंत्र ओळखलं तरच नोड. म्हणून नोड नसणं ही कर्नलने केलेली तक्रारच असते. ती तक्रार तुम्ही आमच्या माथी मारलीत.

जुनी आणि नवी कॉन्फिग फाइल शेजारी ठेवली. आधी आमच्या कन्व्हर्टरमधल्या चिपचं नाव, सीएच३४१, शोधलं. जुनीत होतं. नवीत ‘हो’ नाही, ‘मॉड्यूल’ नाही, ‘नाही’सुद्धा नाही, ओळच गायब. कारण त्याच्या वरचं एक घर तुम्ही मेनूत रिकामं केलं होतं: यूएसबी सिरीयल. वरचं गेलं की खालचे सगळे ड्रायव्हर गुपचूप जातात, एकाचाही निरोप मागे राहत नाही. राहिली ती एकच ओळ, ‘कॉन्फिग यूएसबी सिरीयल इज नॉट सेट’. सुरुवातीला हॅश असल्यामुळे ती टीप वाटते, पण कर्नलची बांधणी तिला आज्ञा म्हणूनच वाचते.

कर्नल हलका झाला म्हणून तुम्हाला शाबासकी मिळाली असेल. पण तुम्ही काढलेलं वजन आमच्या वहीत आलं. हाच ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून ठेवला असतात, तर कन्व्हर्टर लावेपर्यंत तो मेमरीत आलाच नसता. डिस्कवरची थोडी जागा वाचवायला तुम्ही काट्याची आणि संगणकाची बोलणी बंद केलीत. हे मला मनापासून लागलं आहे. हा संगणक कुठे बसवला आहे, हे तुम्हाला ठाऊक होतं.

सध्या जुना कर्नल निवडून काम चालू आहे. पुढचा पाठवाल तेव्हा दोन्ही कॉन्फिगमधला फरक सोबत पाठवा. कर्नलच्या सोर्समध्येच त्यासाठी ‘डिफकॉन्फिग’ नावाची स्क्रिप्ट आहे, ती चालवायला मिनिटही लागत नाही. आणि चालू कर्नलची कॉन्फिग ‘प्रॉक’मध्ये वाचता येईल, तो पर्याय चालू ठेवा, म्हणजे पुन्हा कुणाला फायली हुडकत बसावं लागणार नाही.

आजींचा फरक त्याच आठवड्याच्या हिशोबात दिला आहे. दुपारी बारा ते चार केंद्र बंद असतं. त्या वेळेत कर्नल चढवा, मी काटा आणि मशीन दोन्ही जोडून बसेन.

आपली,
केंद्राचा संगणक सांभाळणारी